शाळेचा नळ आणि गंज



आज आपण ऊर्जानगरात जमलो आहोत. येथील महाऔष्णिक विद्युत केंद्राला इरई धरणाचे पाणी मिळते. ते बाष्पकात जाण्यापूर्वी त्यातील क्षार व विरघळलेला प्राणवायू कटाक्षाने काढून टाकावे लागतात. कारण पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की पोलाद गंजते. आपल्या शाळेच्या नळाचाही शत्रू हाच. पिण्याच्या पाण्यातून प्राणवायू काढणे आपल्या हाती नाही. नळ सांभाळणे मात्र खचितच आहे.

२०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले आणि २ ऑक्टोबर २०२० पासून शाळा-अंगणवाड्यांत नळाचे पाणी पोचविण्याची शंभर दिवसांची मोहीम निघाली. परंतु आलेला नळ टिकवावयाचा कोणी? गंजलेली तोटी नीट बंद होत नाही. सेकंदाला एकच थेंब गळाला, तरी दिवसाकाठी सुमारे ४ लिटर पाणी वाया जाते.

लोखंडी नळावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजते व लोखंडास वाचविते; म्हणून पान्याने तो खरवडू नये आणि उघडे पडलेले आटे रंगवावेत. लोखंडी नळास पितळी तोटी थेट जोडली, तर सांध्यापाशी लोखंड लवकर झिजते. मध्ये प्लास्टिकचा जोड घालावा. शौचालयाचे आम्ल व टीसीएल पावडर नळापासून दूर, झाकून ठेवावी. त्यांच्या वाफेने चकचकीत मुलामाही खराब होतो. पांढरा क्षार साचल्यास लिंबाचा रस थोडा वेळ लावून धुवावा व नळ कोरडा पुसावा.

सकाळचे पहिले पाणी तांबूस येऊन पुढे निवळत असेल, तर बहुधा नळच आतून गंजत आहे. दिवसभर तांबूसच राहिल्यास लोह मुळातच पाण्यात असण्याचा संभव अधिक. रात्रभर साचलेल्या पाण्यात पितळेतील शिशाचा अंशही उतरू शकतो. म्हणून ते पाणी मुलांना पिण्यास न देता शाळेच्या झाडांना घालावे.

वर्गात तीन खिळे घ्यावे: एक अर्धवट पाण्यात, दुसरा उकळून घेतलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन, तिसरा कोरड्या, घट्ट झाकलेल्या बाटलीत. आठ दिवसांनी कोणता गंजला ते मुलांनीच सांगावे. ज्या मुलाने गंजाचे कारण स्वतः शोधले, तो शाळेचाच नव्हे, घरचा नळही सांभाळील. आपल्या शिकवणीचे खरे फळ तेच होय.