चित्रातला डायनोसॉर खरा किती?



अलीकडे प्राथमिक शाळेच्या भिंती रंगवायच्या ठरल्या की त्यांवर भारताचा नकाशा येतो, पाढे येतात, सूर्यमाला येते आणि एखाद्या कोपऱ्यात डायनोसॉर येतो. मुलांना तो मनापासून आवडतो. शेपूट जमिनीवर लोळवीत, पुढचे दोन पंजे सशासारखे छातीशी धरून, जबडा वासून तो उभा असतो. मागे ज्वालामुखी धगधगत असतो. रंगाऱ्याने एका छापील तक्त्यावरून तो उतरवून घेतलेला असतो, त्या तक्त्याने दुसऱ्या एका तक्त्यावरून, आणि त्या मूळच्या तक्त्याने पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या परदेशी पुस्तकावरून. पेशवाईत एका अक्षराने ‘ध’चा ‘मा’ झाला. येथे तर सगळा प्राणीच बदललेला असतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कोणी म्हणेल, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराची शेपूट वर की खाली, याने आमच्या गावात काय अडते? अडते ते असे. मूल धडा विसरते, चित्र विसरत नाही. वाघाचे चित्र चुकले तर ते पुढे कधी तरी खरा वाघ पाहून दुरुस्त होईल. डायनोसॉर कोणी पाहणार नाही, तेव्हा भिंतीवरचा तोच जन्मभर खरा. म्हणून हे चित्र पारखून घ्यायला हवे, आणि ते पारखण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

प्रथम एक गोष्ट मनातून काढून टाकू. ‘डायनोसॉर’ हे नाव इंग्लंडमधील रिचर्ड ओवेन या पंडिताने १८४२ साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो भयंकर सरडा. नाव सुटसुटीत, पण त्यानेच चित्रकारांना चकवले. डायनोसॉर हा सरड्याचा मोठा भाऊ नव्हे. त्याचे आज हयात असलेले जवळचे नातलग दोन, एक मगर आणि दुसरे पक्षी. पक्षी तर नातलग कसले, त्याच घराण्याची जिवंत शाखा आहे.

मी राहतो त्या पवईला हे दोन्ही नातलग एका जागी भेटतात. पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईला पाणी मिळावे म्हणून बांधला गेला. त्यात आजही मगरी आहेत. काठावर ऊन खात पडलेल्या मगरीचे पाय बघा. ते धडाच्या बाजूला फाकलेले असतात, पोट जमिनीला टेकलेले असते. चालताना ती अंग उचलते खरी, तरी पाय कोपरात बाहेर वळतातच. आता तेथेच काठाने फिरणारा बगळा पाहा. त्याचे पाय सरळ धडाखाली, खांबासारखे. डायनोसॉरचे पाय बगळ्यासारखे होते, मगरीसारखे नव्हेत.

हे कशावरून? हाडांवरून. ज्यांच्या घरी रविवारी कोंबडी शिजते त्यांनी ताटातली टांग जरा निरखून पाहावी. मांडीच्या हाडाचे वरचे टोक एकदम आतल्या अंगाला काटकोनात वळलेले दिसेल. ते ज्या खुब्याच्या खळग्यात बसते तो खळगा मधोमध आरपार उघडा असतो. आतल्या बाजूस वळलेले टोक आणि उघडा खळगा हीच डायनोसॉरच्या खुब्याची खूण आहे. असे हाड बाजूला फाकवायला गेलो तर सांधा निखळेल. तेव्हा ज्या चित्रात डायनोसॉर पालीसारखा पाय पसरून चालतो, ते चित्र तेथेच नापास करावे.

हाच नियम पुढेही उपयोगी पडतो. जी गोष्ट मगरीतही आहे आणि पक्ष्यातही आहे ती डायनोसॉरमध्ये असण्याचा संभव मोठा. जी दोघांतही नाही, ती काढण्यापूर्वी चित्रकाराने पुरावा दाखवावा. बाहेर लोंबणारे कान दोघांनाही नाहीत. अंडी दोघेही घालतात, आणि दोघेही पिलांची काळजी घेतात. सापासारखी दुभंगलेली, लवलवणारी जीभ दोघांनाही नाही. मोठ्या मांसाहारी डायनोसॉरच्या जिभेखालची हाडे मगरीच्या वळणाची आखूड होती, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे तोंडातून हातभर जीभ काढणारा टायरनोसॉर पाहिला की शंका घ्यावी.

शेपटीचे पाहा. मगरीच्या शेपटीचा बुंधा केवढा जाड असतो! मांडीला मागे खेचणारा मोठा स्नायू त्या बुंध्यात असतो. डायनोसॉरच्या मांडीच्या हाडावर त्याच स्नायूची खूण आहे. तेव्हा ढुंगणाला दोरी बांधावी तशी बारीक शेपूट काढली तर तो प्राणी चालणार कशाच्या जोरावर? आणि ही शेपूट जमिनीवर फरफटत नव्हती. पावलांचे ठसे जगभर पुष्कळ सापडले आहेत, पण त्यांच्यामागे शेपूट ओढल्याची रेघ क्वचितच दिसते. शेपूट मागे ताठ, डोके पुढे, आणि मध्ये खुब्यावर तराजूसारखा तोल, अशी ती चाल होती. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात टायरनोसॉरचा सांगाडा १९१५ साली कांगारूसारखा उभा करून ठेवला होता. जगभरच्या चित्रकारांनी तो कित्ता गिरवला. १९९० नंतरच्या दशकात संग्रहालयाने तो सांगाडा सोडवला आणि आडव्या पाठीचा करून पुन्हा जोडला. इतके लोखंड, इतकी वजनदार हाडे उतरवून पुन्हा चढवली; आपल्याला तर भिंतीवर नुसता ब्रश फिरवायचा आहे.

पंजेही असेच. मांसाहारी डायनोसॉरचे तळवे जमिनीकडे वळत नसत. पेटी वाजवताना आपले तळवे खाली असतात, टाळी वाजवताना एकमेकांसमोर असतात. त्याचे हात टाळीच्या तऱ्हेचे. मनगटाची घडणच तशी होती.

जुन्या चुकांना हसण्याचे मात्र कारण नाही. इग्वानोडॉन नावाच्या प्राण्याचे एक टोकदार हाड सापडले, ते गिडियन मँटेलने नाकावर बसवले. १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत त्याचे प्रचंड पुतळे उभे राहिले, नाकावर शिंग असलेले, गेंड्यासारखे. पुढे १८७८ साली बेल्जियममध्ये बर्निसार या गावच्या कोळशाच्या खाणीत अखंड सांगाडे निघाले, तेव्हा कळले की ते शिंग नव्हे, अंगठ्याचे हाड! शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण ते शीत कोणत्या भांड्यातले हे तरी ठाऊक हवे.

आता आपल्या घरचा डायनोसॉर घेऊ, कारण त्याचे चित्र आपल्या किती शाळांवर असेल याची मला शंकाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूस पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावे आहेत. तेथील मातीत मोठमोठी हाडे आहेत, हे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे. डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी एकाच जनावराचा बराचसा सांगाडा काढला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन छापले. २००३ साली त्या संस्थेच्याच आद्याक्षरांवरून त्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले. टायटनोसॉर नावाच्या, लांब मानेच्या शाकाहारी कुळातला हा प्राणी.

काय काय मिळाले? मानेचे, पाठीचे, कमरेचे आणि शेपटीचे मणके, बरगड्या, खुब्याची हाडे, खांद्याचे फळकूट, डावा पुढचा पाय. त्या पायातले वरचे हाड एकटेच १४८ सेंटीमीटर, म्हणजे पाच फुटांना थोडे कमी. आणि काय मिळाले नाही? डोके मिळाले नाही. मागचे पाय मिळाले नाहीत. पावले मिळाली नाहीत.

हे ध्यानात ठेवून या प्राण्याचे चित्र पाहावे. मान त्याच्या भाऊबंदांच्या मानाने आखूड आणि उभी, पुढचे पाय लांब, पाठ मागे उतरती, असे ते असते. मान आणि पुढचा पाय हाडांवरून काढलेला, तो भरवशाचा. उतरती पाठ हे अनुमान, कारण मागच्या पायाची उंची कोणी मोजलेलीच नाही. आणि तोंड सर्वस्वी उसने. ते बहुधा परक्या देशाच्या डायनोसॉरचे असते. त्यातल्या त्यात चांगली उसनवारी मादागास्करच्या रापेटोसॉरसची, ज्याची कवटी मिळाली आणि ज्याचे वर्णन २००१ साली झाले. कारण हिंदुस्थान आणि मादागास्कर सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांना जोडलेले होते. त्याच्या लांबीचे अंदाज तरी पाहा. कोणी अकरा मीटर सांगतो, कोणी अठरा. यात कोणी थापा मारत नाही, गैरहजर हाडांची जागा जो तो आपापल्या हिशेबाने भरतो.

पावलांची मौज वेगळीच. पुष्कळ चित्रांत या कुळाला हत्तीची पावले लावून पुढच्या पायाला गोल नखांची रांग काढतात. टायटनोसॉरांच्या पुढच्या पायात बोटांची हाडे जवळजवळ उरलीच नव्हती. तळहाताच्या हाडांचाच खांब करून ते त्यावर उभे राहत. तेव्हा पुढच्या पायाला नखांची रांग दिसली की समजावे, चित्रकाराने सर्कशीचा हत्ती पाहून काम भागवले.

परदेशातही डोक्याची अशीच गंमत झाली. अमेरिकेत कार्नेगी संग्रहालयातील अपॅटोसॉरसच्या, म्हणजे लोक ज्याला ब्राँटोसॉरस म्हणत त्याच्या, मानेवर कित्येक वर्षे भलत्याच वळणाची कवटी होती. ती १९७९ साली बदलली. कोलकात्याला सांख्यिकी संस्थेत उभा असलेला बारापासॉरस हा आपला आणखी जुना डायनोसॉर. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या सिरोंच्याच्या पलीकडे, त्याची सुमारे तीनशे हाडे मिळाली, पण कवटी नाही. ते खोदकाम १९६१ च्या सुमाराचे, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे, म्हणून त्याच्या नावात ‘टागोरी’ आले. आणि ‘बारापा’ म्हणजे साधे ‘बडा पाय’!

हा बारापासॉरस आणि इसिसॉरस एकाच झाडाखाली चरताना दाखवू नयेत. दोघांमध्ये दहा कोटी वर्षांहून अधिक अंतर आहे. त्या मानाने माणूस आणि डायनोसॉर यांच्यातले अंतर कमी, सुमारे साडेसहा कोटी. तरीही गुहेतला माणूस भाला घेऊन डायनोसॉरमागे धावतो ते चित्र खोटेच.

चित्रात पायाखाली काय उगवले आहे तेही पाहावे. गवत काढू नये, त्या काळी गवत नव्हते, असे पूर्वी जाणकार सांगत. ते पुसले कोणी? आपल्या पिसदुऱ्याने! तेथील शेतात डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत गवताच्या पानांत असतात तसे गारेचे बारीक कण निघाले, आणि तेही भात-बांबूच्या नातलगांचे. २००५ साली हे प्रसिद्ध झाले. तेव्हा इसिसॉरसच्या चित्रात गवताचे चार झुबके खुशाल काढा, मात्र हिरवे कुरण काढू नका. ज्वालामुखीचेही तेच. इतर देशांत तो चित्रकाराचा शौक असेल, आपल्याकडे त्याला आधार आहे. दख्खनचा काळा पत्थर तेव्हाच्याच लाव्ह्याचा. फक्त शंकूसारखा डोंगर न काढता जमिनीच्या भेगांतून वाहणारा लाव्हा काढावा. आणि पवईच्या टेकड्यांत डायनोसॉर शोधू नये. लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत, शिवाय मुंबईच्या बाजूचे काही थर डायनोसॉर संपल्यानंतरचे ठरले आहेत.

रंगाबद्दल मुले हटकून विचारतात. चीनमध्ये १९९६ साली पिसांसारखी लव असलेला लहानसा सिनोसॉरोप्टेरिक्स मिळाला. त्याच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, हे २०१० साली रंगकणांवरून कळले. असा पुरावा फार थोड्यांचा. इसिसॉरसचा रंग मुलाला हवा तो द्यावा, मात्र तो आपण दिला आहे हे सांगावे. मोठ्या शाकाहारी डायनोसॉरांच्या कातडीचे ठसे मिळाले आहेत ते खवल्यांचे, तेव्हा त्यांना पिसे लावू नयेत.

शिक्षकांना एक सुचवतो. इसिसॉरस भिंतीवर काढाल तेव्हा मिळालेली हाडे ज्या भागात आहेत तो भाग सलग रेघेने काढा. डोके, मागचे पाय आणि पावले तुटक रेघेने. शास्त्रज्ञ आपल्या सांगाड्यांच्या आकृतीत हेच करतात, न मिळालेली हाडे निराळ्या छटेत दाखवतात. मुले विचारतील, गुरुजी, याचे डोके असे अर्धवट का? त्या प्रश्नावर एक तास सहज जाईल.

आणि विदर्भातल्या शेतकरी बांधवांसाठी थोडे. नांगरताना हाडाच्या आकाराचा जड दगड लागला तर तो पहारीने उपटू नका, घरी नेऊन देव्हाऱ्यात किंवा पायरीला बसवू नका. गुजरातेत धोळी डुंगरी येथे १९८० नंतरच्या दशकात नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना अंड्यांसह एक दगड मिळाला. त्यातली सगळी हाडे आधी डायनोसॉरच्या पिलाची वाटली. २००१ साली तोच दगड पुन्हा पाहताना जेफ्री विल्सन यांना त्यात सापाचे मणके ओळखू आले. घरट्यात शिरलेला साडेतीन मीटरचा साप! २०१० साली तो जगापुढे आला. दगड जागच्या जागी, अंड्यांसकट उचलला होता, म्हणून हे कळले. हाडे सुटी करून कोणी वाटून घेतली असती तर साप गेला असता आणि पिल्लूही. तेव्हा जागा न हलवता खूण करा, शेजारी पट्टी किंवा विळा ठेवून फोटो घ्या, गट क्रमांक लिहून ठेवा आणि तलाठ्यामार्फत किंवा शाळेच्या मास्तरांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. त्यांचे मोठे कार्यालय नागपुरातच आहे.