भिडस्ताला रकाना नाही



मंडप छान, जेवण त्याहून छान. भरल्या पोटी अध्यक्षांचं भाषण ठेवण्यामागे संयोजकांचा काय हेतू असावा, ते मी विचारत नाही.

आपल्या मानसशास्त्र संमेलनाच्या पत्रिकेत 'व्यक्तिमत्त्व सिद्धान्तांचा आढावा' असं छापलंय. आढावा मी लिहून आणलाय, चौतीस पानं आहेत. फ्रॉइड, युंग, ऑलपोर्ट, आयझेंक, रॉजर्स सगळे आपापल्या जागी बसलेत. ज्यांना हवी त्यांनी पानं न्यावीत. मला आज एका शब्दाविषयी बोलायचंय. गेली पस्तीस वर्षं तो माझ्या घशात अडकलाय. भिडस्त.

सकाळच्या सत्रात प्रश्नावली श्रेष्ठ की प्रक्षेपण तंत्रं, यावर हमरीतुमरी झाली. एक बाजू म्हणाली, रोर्शाकच्या शाईच्या दहा डागांत रुग्ण दिसत नाही, डाग दाखवणारा दिसतो. दुसरी म्हणाली, प्रश्नावलीत माणूस सोयीचं उत्तर देतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्ही मी विद्यार्थिदशेपासून ऐकतोय. पण प्रश्न कुठल्या भाषेत जन्मला, हे एकानेही विचारलं नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी एका कार्यालयाने माझ्याकडे बसचा एक कंडक्टर पाठवला. ओळखीच्या माणसाकडे तिकिटाचे पैसे मागायला त्याची जीभ रेटत नसे. गावचा मास्तर चढला, साडू चढला, की हा तिकीट फाडायचा आणि पैसे स्वतःच्या खिशातून भरायचा. हिशेबात कधी पैची तूट नाही, पण प्रकार कळला आणि वरिष्ठांना संशय आला. व्यक्तिमत्त्वाचा अहवाल हवा, म्हणाले.

मी त्याला प्रश्नावली दिली. परदेशी होती, मराठी अनुवाद माझाच. तरुण होतो, एका महिन्यात उरकला होता आणि त्याचा अभिमानही होता. कंडक्टर दर प्रश्नाला अडायचा. आपलं मत ठामपणे मांडता का? "कुणापुढं, साहेब?" नको असलेली गोष्ट नाकारता का? "कुणाला?" मी म्हणालो, हो किंवा नाही, एवढंच लिहा. मग माझ्या तोंडाकडे बघत, मला काय बरं वाटेल त्याचा अंदाज घेत, त्याने खुणा केल्या.

गुण मोजले. बहिर्मुखता मध्यम, भावनिक अस्थिरता मध्यम. असत्यमापनाची पट्टी मात्र भलतीच वर. मी अहवालात लिहिलं, 'उत्तरांमध्ये प्रामाणिकपणाचा अभाव.' पदरचे पैसे भरणाऱ्या माणसाबद्दल! बाहेर व्हरांड्यात त्याची बायको बसली होती. मी निघालो तेव्हा ती उठून म्हणाली, "खोटं नाही बोलत हो ते. भिडस्त आहेत." माझा अहवाल तीन पानी होता. तो दाखवून त्याला गाडीवरून उतरवलं, हे मला नंतर कळलं.

आता मानसशास्त्रज्ञ मिशेलचा वाद. 1968 साली त्याने पुस्तक लिहून दाखवलं, की गुणविशेषाचा आणि प्रत्यक्ष वागण्याचा सहसंबंध 0.30च्या आसपासच घुटमळतो, माणूस प्रसंगागणिक बदलतो. झालं, गुण खरा की प्रसंग खरा, यावर दोन दशकं शाई सांडली. माझा कंडक्टर अनोळखी उतारूला सुट्ट्या पैशांवरून खडसावायचा आणि मास्तरांपुढे गप्प व्हायचा. मग तो भित्रा की धीट? त्याच्या बायकोला हा प्रश्नच पडला नाही. कारण भीड कुणाची तरी असते. तो शब्द उच्चारला की समोरचा माणूस त्यात आपोआप येतो. लाजाळू माणूस परक्यांपुढे अडखळतो, भिडस्त आपल्यांपुढे. गुण आणि प्रसंग त्या शब्दात एकत्रच नांदतात. भीड भिकेची बहीण म्हणणाऱ्यांना तिची किंमतही ठाऊक होती. आणि आपण काय केलं? भिडस्तपणाला 'दृढतेचा अभाव' म्हणून मोकळे झालो.

प्रश्नांची भाषा शिळीही होते. मिनेसोटाच्या जुन्या व्यक्तिमत्त्व चाचणीत रुमाल टाकण्याच्या खेळाविषयी प्रश्न होता. आपलं 'मामाचं पत्र हरवलं' म्हणजे तोच खेळ. 1989 साली नवी आवृत्ती काढताना त्यांनी तो प्रश्न गाळला. त्यांना स्वतःची भाषा शिळी झालेली कळते. आपल्याला त्यांची शिळी झालेलीही कळत नाही.

ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी 1936 साली वेबस्टरचा थोरला कोश पालथा घालून माणसाचं वर्णन करणारे 17,953 शब्द वेचले. कॅटेलने त्यांना चाळणी लावली, पुढच्यांनी आणखी बारीक चाळणी लावली आणि खाली पाच घटक उरले. उत्तम काम, माझा नमस्कार. पण चाळणीत घातलं होतं ते इंग्रजी धान्य. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांमध्ये, 632 जणांना प्रश्न विचारून पाहिलं, तर ते पाच घटक काही जुळून आले नाहीत.

आपल्या घरात धान्य नाही का? मोल्सवर्थचा कोश आहे. दाते-कर्व्यांचे सात खंड आहेत. घुमा, तुसडा, खवट, आतल्या गाठीचा, लोचट, मानी, धांदरट, मुखदुर्बळ, बेरकी, कुढा, पापभीरू. प्रत्येक शब्दामागे शेकडो वर्षांचं निरीक्षण आहे. या मंडपातल्या किती जणांनी हे कोश व्यक्तिमत्त्वासाठी उघडले? हात वर करा. पुढच्या रांगेतल्यांनी मागे बघू नये.

हे काम मोठं आहे, कसं करायचं याचा आराखडा माझ्याकडे नाही. समिती नेमू नका, समितीतून नवी समितीच निघते. एकेका सदस्याने एकेक अक्षर घ्यावं, शब्द उतरवावेत, मग ते घेऊन बाजारात, एसटी स्टँडवर, बचत गटात बसावं आणि लोकांना विचारावं, असा माणूस कसा वागतो, कुणापुढे वागतो. गुणांकन वगैरे मागाहून बघू. खर्चाचं कोषाध्यक्ष बघतील. ते मान हलवताहेत, होकाराने की नकाराने ते इथून दिसत नाही.

उद्या सकाळी चहाच्या वेळी मी नोंदणीच्या टेबलापाशी कोरी वही घेऊन बसेन. नाव आणि अक्षर लिहा. 'भ' मी घेतलाय.