सोलरची प्लेट उलटी करून बघा
(मानवत येथील भाषणाचा मजकूर)



मानवतच्या बाजारात कापसाची गाडी उभी केली, की आपली नजर काट्यावरून हलत नाही. सोलर पंप बसवायला माणसं येतात तेव्हा मात्र प्लेट उलटी करून कोणी बघत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ साली आली. तिच्यात दहा टक्के हिस्सा आपला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा पाच टक्के. पुरवठादार आपणच निवडायचा. म्हणजे विचारायचं ते निवडण्याआधी.

प्लेटा दोन जातींच्या. एकीला वर काच आणि पाठीला प्लास्टिकचा पांढरा थर. दुसरीला दोन्हीकडून काच. प्लास्टिकमधून ओल हळूहळू आत शिरते. माल हलका असला तर उन्हानं ते पिवळं पडतं, तडकतं. काचेतून ओल जात नाही. शिवाय वीज तयार करणाऱ्या चकत्या दोन काचांच्या मधोमध असतात, त्यामुळे वाऱ्यानं प्लेट वाकली तरी त्यांच्यावर ताण कमी येतो. म्हणून एकेरी काचेला बहुतेक कंपन्या २५ वर्षं वीज मिळण्याची हमी देतात, दुहेरीला ३०.

मग दुहेरीच घ्यावी? थांबा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण विसरलेलो नाही. एकेरीची काच बहुधा ३.२ मिलिमीटर जाड आणि पक्की टणक केलेली असते. दुहेरीची प्रत्येक काच बहुधा २ मिलिमीटर, आणि पातळ काच तेवढी टणक करता येत नाही. मोठ्या गारेपुढे ती आधी फुटते. नेहमीची चाचणी २५ मिलिमीटरच्या, सुपारीएवढ्या गारेची. लिंबाएवढ्या गारेचं त्या शिक्क्यावरून काही कळत नाही. त्यात दुहेरी प्लेट वजनाला जड. सांगाडा कच्चा असला किंवा पकड वाकडी आवळली, तर गार न पडताही काच तडकते.

'पाठीमागूनही वीज मिळते' असं विक्रेता सांगेल. पांढऱ्या फुफाट्यावर मिळेलही. आपली काळी जमीन उजेड गिळते. त्यापोटी एक रुपया जास्त देऊ नका.

माझं मत विचाराल तर सांगाडा भक्कम आणि काचेची जाडी लेखी, तरच दुहेरी. नाहीतर चांगल्या पाठीची एकेरी बरी.

योजनेतली दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. सहाव्या वर्षी हातात फक्त कंपनीचा कागद. तेव्हा प्लेट वर चढवण्याआधी पाठीवरच्या चिठ्ठीचा नंबरासकट फोटो काढा, आणि हमीपत्र सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा.