मानसिक आजार आणि 'डे प्रोग्रॅम' : काय अपेक्षा ठेवावी?

(मंचाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा, थोडी काटछाट केलेला मजकूर. वक्त्यांच्या मुलाच्या इच्छेनुसार नाव दिलेलं नाही.)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि आज बाप म्हणून बोलतोय. मुलाची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, "माझं नाव आणि डायग्नोसिस सांगायचं नाही. बाकी तुम्ही काय काय चुका केल्यात ते खुशाल सांगा." तेव्हा आज मुख्यतः चुकाच सांगणार आहे.

२०१५ च्या ऑक्टोबरात, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो आजारी पडला. नऊ दिवस इस्पितळात होता. दहाव्या दिवशी तिथल्या सोशल वर्कर बाई म्हणाल्या, आता याला घरी सोडतो, पण सोमवारपासून 'पार्शल'ला पाठवा. मला वाटलं, अर्धाच बरा झाला म्हणून अर्धी भरती. बायकोने मात्र वही काढली आणि प्रश्न विचारायला लागली. ती वही आजही आमच्याकडे आहे. आज मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या वहीतलं आहे.

पार्शल हॉस्पिटलायझेशन म्हणजे झोपायला घरी आणि दिवसभर उपचार. कल्पना जुनी आहे. १९३३ साली मॉस्कोमध्ये असं दिवसाचं इस्पितळ निघालं, १९४६ साली माँट्रियलमध्ये. अमेरिकेत १९६३ साली केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. त्या केंद्रांनी ज्या सेवा द्यायलाच हव्यात असं ठरलं, त्यांत पार्शल होतंच. माणसाला वर्षानुवर्षं कोंडून ठेवण्यापेक्षा त्याच्या घराजवळ उपचार व्हावेत, हा त्यामागचा विचार.

त्याखालची पायरी म्हणजे 'इंटेन्सिव्ह आउटपेशंट', म्हणजे आय.ओ.पी. यात बहुधा आठवड्यातून तीन दिवस, रोज तीनेक तास जायचं असतं. मेडिकेअरचा हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे : पार्शलला आठवड्याला किमान २० तासांची गरज, आय.ओ.पी.ला किमान ९. मेडिकेअर आय.ओ.पी.चा खर्च देऊ लागलं ते १ जानेवारी २०२४ पासून. तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील इथे मेडिकेअरवर आहेत त्यांनी हे टिपून ठेवा.

आता दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळी नऊच्या सुमाराला सगळे गोल बसतात. झोप किती झाली, गोळ्या घेतल्या का, जीव द्यायचे विचार आले का, हे प्रत्येकाला सरळ विचारलं जातं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलो होतो. असं विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे मला तिथल्या नर्सने समजावलं. मग एकामागून एक ग्रुप. विचारांच्या सवयी ओळखणं, राग किंवा भीती अनावर झाली तर काय करायचं, औषधांची माहिती, कधी चित्रकला. मध्ये जेवण. सायकिअॅट्रिस्ट आठवड्यातून एकदोनदा भेटतो. थेरपिस्टबरोबर एकट्याने बोलणं होतं, पण तेही आठवड्यातून एकदोनदाच. रोज तासभर डॉक्टर माझ्या मुलाशी बोलेल ही माझी अपेक्षा होती. तसं नसतं. बहुतेक सगळं काम ग्रुपमध्ये चालतं.

रोज संध्याकाळी मी गाडीत विचारायचो, "आज काय शिकवलं?" एकदा तो म्हणाला, "आठवड्याचं टाइमटेबल केलं." मी गप्प बसलो, पण डोकं तापलं. कॅल्क्युलसमध्ये पहिला येणारा मुलगा, आणि हे लोक त्याच्याकडून टाइमटेबल करून घेतात? आणि त्याचं इन्शुरन्सला बिल लावतात?

मंडळी, मला जे कळायला सहा महिने लागले ते हे. आजाराने त्याचा दिवस हिरावून घेतला होता. दुपारी तीनला उठणं, रात्रभर जागं राहणं, आंघोळ नाही, जेवणाला वेळ नाही. औषधाने डोक्यातला गोंधळ कमी होतो, पण गेलेला दिवस औषध परत आणून देत नाही. सकाळी उठून, कपडे बदलून, कुठेतरी वेळेवर पोचायचं, दहा माणसांत बसायचं, आणि उद्या पुन्हा जायचं. मी ज्याला टाइमपास समजत होतो तोच उपचाराचा मोठा भाग होता. पुलाला आधार देणारं सेंटरिंग काँक्रीट सेट होण्याआधी काढू नये, हे मी ज्युनिअर इंजिनिअरना कितीदा ऐकवलं असेल. घरी मात्र मी तेच केलं.

तिसऱ्या आठवड्यात तो बरा दिसायला लागला. हसायचा, जेवायचा. जानेवारीचं सेमिस्टर जवळ आलं होतं. सायकिअॅट्रिस्ट म्हणाले, "इतक्यात नको." मला वाटलं, यांना बिल वाढवायचंय. मी कॉलेजला फोन केला आणि त्याला पार्शलमधून काढून हॉस्टेलवर नेऊन सोडलं. मार्चमध्ये तो पुन्हा इस्पितळात होता, आणि या वेळी नऊ दिवसांवर भागलं नाही. माझ्या घाईमुळेच आजार उलटला का, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही मला दोष दिला नाही. पण मी स्वतःला विचारतो.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो होतो, तर इन्शुरन्स कंपनी आडवी आली. कंपनी दर काही दिवसांनी आढावा घेते आणि पेशंट जरा बरा दिसला की 'आता वैद्यकीय गरज नाही' म्हणून मंजुरी थांबवते. मी जी चूक केली तीच, पण लेटरहेडवर. अशा वेळी घाबरून प्रोग्रॅम सोडू नका. नकाराचं कारण लेखी मागा. प्रोग्रॅमच्या डॉक्टरांना कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलायला सांगा. तातडीचं अपील करता येतं, आणि तेही फेटाळलं तर बहुतेक प्लॅनमध्ये बाहेरच्या स्वतंत्र तपासणीचा हक्क आहे. २००८ च्या पॅरिटी कायद्यानुसार, प्लॅनमध्ये मानसिक आजाराचा समावेश असेल तर त्याला शरीराच्या आजारापेक्षा जाचक अटी लावता येत नाहीत. हा शब्द पत्रात वापरा. आमच्या बाबतीत चौथ्या आठवड्यात आलेला नकार अपिलात फिरला. तो सात आठवडे पार्शलला गेला आणि मग आय.ओ.पी.ला.

मुलगा अठराच्या वर असेल तर त्याच्या सहीशिवाय डॉक्टर सहसा तुम्हाला काही सांगत नाहीत. आम्ही फी भरतो, आमच्या घरात राहतो, असा वाद घालू नका. मी घातला, उपयोग झाला नाही. पहिल्याच दिवशी मुलाला विचारून त्या फॉर्मवर सही घ्या. सही नसली तरी तुम्ही डॉक्टरांना माहिती देऊ शकता. ते बोलणार नाहीत, पण ऐकतील. शिवाय १९९३ चा फॅमिली लीव्हचा कायदा आहे : ५० किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीत, वर्षभर नोकरी आणि पुरेसे तास भरले असतील, तर वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि गरज पडली तर ती तुकड्यातुकड्याने घेता येते. अठरावरच्या मुलासाठी तो आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. सासूसासऱ्यांसाठी मात्र ही रजा नाही.

आता थोडं कडू बोलतो. मुलाच्या ग्रुपमध्ये एक ट्रक ड्रायव्हर होता, एक शाळेतल्या बाई होत्या, दारू सोडलेला एक म्हातारा होता. मी बायकोला म्हणालो, "कसल्या लोकांत बसतोय हा!" समतेवर याच मंचावर मी दोनदा बोललो आहे. मुलाच्या कानावर ते गेलं. तो म्हणाला, "बाबा, तिथे मला कोणी 'तुझ्यासारखा हुशार मुलगा' असं म्हणत नाही. म्हणून बरं वाटतं."

आणि त्या सहा महिन्यांत तुम्ही विचारलंत तेव्हा मी काय सांगितलं? इंटर्नशिप करतोय. अंगात येणं, भूतबाधा, बुवाबाजी यांविरुद्ध आपण सगळे टाळ्या वाजवतो, देणग्या देतो. घरात आजार आला की मात्र आपण त्याला प्रायव्हसी म्हणतो. शेवटी एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन सांगितलं की तिची बहीण वीस वर्षं आजारी आहे. आम्ही एकमेकांना पंधरा वर्षं ओळखत होतो.

याच कारणासाठी मला डॉ. जगन्नाथ वाणींचं नाव घ्यावंसं वाटतं. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. घरातला स्किझोफ्रेनियाचा अनुभव त्यांनी लपवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४ सालच्या चित्रपटामागेही ते होते. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने काय करावं, यावर आपण फार चर्चा करतो. हे एक उदाहरण.

डे प्रोग्रॅम संपतो तेव्हा काय होतं, हे कुणी नीट सांगत नाही. शुक्रवारी टाळ्या, मिठ्या, निरोप. सोमवारी सकाळी नऊला जायला जागा नाही. म्हणून पुढचं ठिकाण प्रोग्रॅम सुरू असतानाच शोधा. आम्हाला सापडलं ते क्लबहाऊस. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली इस्पितळातून सुटलेल्या काही रुग्णांच्या गटातून फाउंटन हाऊस उभं राहिलं, आणि त्या नमुन्यावर आज अनेक देशांत क्लबहाऊस चालतात. तिथे थेरपी नाही, औषधं नाहीत. तिथला माणूस पेशंट नसतो, मेंबर असतो, आणि मेंबरशिपला मुदत नसते. स्वयंपाक, ऑफिसचं काम, फोन घेणं, हे सगळं मेंबर आणि स्टाफ खांद्याला खांदा लावून करतात. काही महिन्यांसाठी बाहेरची अर्धवेळ नोकरीही मिळवून देतात. पगार मालकाकडून पूर्ण, आणि मेंबर एखाद्या दिवशी जाऊ शकला नाही तर क्लबहाऊस त्याच्या जागी दुसरं कुणी पाठवतं.

मुलाने पदवी पूर्ण केली, चारऐवजी सात वर्षांत. मधे आणखी एकदा तीन आठवडे पार्शलला जावं लागलं. या वेळी फोन त्यानेच केला. अजूनही शनिवारी क्लबहाऊसला जातो. तिथल्या लोकांना पोहे आवडतात, पण शेंगदाणे कमी घालायला सांगतात.

कुटुंबांसाठी 'नामी' या संस्थेचा आठ भागांचा फुकट वर्ग असतो, तो जरूर करा. जिवाला धोका वाटला तर ९८८ या क्रमांकावर फोन करा, तो २०२२ पासून देशभर चालतो. मागून चहा तयार असल्याची खूण होतेय, तेव्हा थांबतो. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल त्यांच्यासाठी मी मागच्या दाराशी उभा आहे. बायको पण आहे, आणि वही तिच्याकडे आहे.