दुमडलेलं पान



अमेरिकेतल्या एका छोट्या महाविद्यालयात मी एक सत्र शिकवायला होतो. विषय धर्म. म्हणजे धर्म शिकवायचा नव्हता, धर्मांविषयी शिकवायचं होतं. तिथं हा फरक न्यायालयानंही केलेला आहे. १९६३ साली ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांतलं उपासना म्हणून होणारं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. धर्मांच्या अभ्यासाला मात्र हरकत नाही, असंही त्याच निकालात म्हटलं. आपल्याकडे कोठारी आयोगानंही ‘धार्मिक शिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचं शिक्षण’ असे दोन कप्पे केले. दुसरा कप्पा आपण फारसा उघडलाच नाही, ते असो.

त्या वर्गात निम्मे गुण वहीला होते. आठवड्याला दोन पानं लिहायची. काय वाचलं, कुठं गेलात, काय खटकलं. पहिल्या तीन आठवड्यांच्या वह्या वाचून मी हैराण झालो. सगळे धर्म एकच सांगतात, सगळी माणसं प्रेमळ, प्रसाद रुचकर! वहीगणिक कुणाचे ना कुणाचे डोळे उघडलेले. इतके डोळे एका आठवड्यात उघडले असते तर गावातल्या नेत्रवैद्याला दुकान बंद करावं लागलं असतं. त्यात पोरांची लबाडी नव्हती. मास्तरला काय आवडेल याचा अंदाज बांधायला आपण सगळेच पहिलीपासून शिकतो.

मग एका मुलाची वही आली. तो गुरुद्वारात गेला होता. त्यानं लिहिलं होतं: बूट उघड्या फळीवर ठेवायचे होते, नवे होते, तासभर कीर्तन चाललं आणि माझं लक्ष बुटांत. खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती. आमच्या चर्चमध्ये मी कोट दाराशीच टांगून आत जातो, तेव्हा ही धास्ती का वाटत नाही?

मी त्याला पैकीच्या पैकी दिले. शीख धर्माची माहिती त्या पानात जवळजवळ नव्हती, हे कबूल.

त्याच सुमाराला मी वर्गाला इरावतीबाई कर्व्यांचा वारीवरचा लेख वाचायला दिला. त्याचं इंग्रजी रूप १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आलं, पुढं एलिनॉर झेलियट आणि आपल्या फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांनी १९८८च्या त्यांच्या संग्रहात ते घेतलं. पंढरीला जाणाऱ्यांची भूमी तो महाराष्ट्र, ही बाईंची व्याख्या आपण भाषणांत वापरून वापरून गुळगुळीत केली आहे. (मीही केली आहे.) माझ्या वर्गातही बहुतेकांनी तिच्याखालीच रेघ ओढली होती. बूटवाल्यानं मात्र रेघ ओढली ती जेवणाखाली. एकाच दिंडीत, एकाच विठ्ठलाचं नाव घेत चालणारे ब्राह्मण आणि मराठे मुक्कामाला वेगवेगळे जेवायला बसतात, हे बाईंना रोज टोचत होतं. मग त्या स्वतः मराठा बायांबरोबर जेवल्या आणि त्यानंतर त्या बाया अधिक मोकळ्या झाल्याचं त्यांना जाणवलं. मानववंशशास्त्राची प्राध्यापक बाई, पण निरीक्षणाची वही बाजूला ठेवून पानावर बसली. व्याख्या त्या जेवणाला जोडून वाचावी लागते; सुटी काढली की ती फलकावर लावण्यापुरती उरते.

आता गुणांचं काय? एका मुलीनं लिहिलं की आईला न सांगता तिनं प्रार्थना सोडली आहे. या पानाला दहापैकी किती द्यायचे? सात? मी दोन दिवस ती वही टेबलावर ठेवली. मग वर्गात सांगितलं, जे पान मी वाचू नये असं वाटतं ते दुमडा. दुमडलेलं पान मी उघडणार नाही. पण लिहिलं म्हणून ते मोजीन.

एका सहकाऱ्यानं विचारलं, पोरं कोरी पानं दुमडून देतील, मग? देतीलही, म्हटलं.

सत्राच्या शेवटी त्या बूटवाल्याची वही आली. सात पानं दुमडलेली होती. मी मोजली, गुण मांडले आणि वही परत केली.