महायुद्धानंतर उरलेली माणसं

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी पाठवलेल्या पत्रिकेच्या खर्ड्यात आजच्या विषयापुढे ‘एक शौर्यगाथा’ असं छापलेलं होतं. ते मी काढायला सांगितलं. शौर्य होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण शौर्यगाथा म्हटलं की श्रोता टाळ्यांच्या तयारीनेच बसतो, आणि मला आज जे मांडायचं आहे त्यात टाळ्यांच्या जागा थोड्या आहेत.

इस्राएल म्हटलं की आपल्याकडे दोन पक्ष आधीपासून तयार असतात. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव आला, तेव्हा भारताने विरोधात मत दिलं. पुढच्याच महिन्यात सावरकरांनी पत्रक काढून ज्यू राज्याला पाठिंबा दिला. तेव्हापासून आपण या विषयाकडे पाहताना बहुधा आपल्याच घरातलं भांडण भांडत असतो. आजचा तासभर ते बाहेर ठेवू. आज बोलायचंय ते १९४८ च्या युद्धात बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांविषयी. हिब्रू आद्याक्षरांवरून त्यांना ‘माहल’ म्हणतात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स असे कितीतरी देश मिळून साडेतीन ते चार हजार माणसं आली. मारली गेली ती १२० च्या आसपास.

आता हा आकडा नीट पाहा. युद्ध संपताना इस्राएलचं सैन्य लाखाच्या घरात होतं. त्यात चार हजार म्हणजे किती? संख्येने पाहिलं तर ही माणसं नसती तरी फारसं अडलं नसतं. अडलं असतं ते दुसऱ्या कारणाने. लढाऊ विमान चालवायला, रात्री दिशा धरून बॉम्बफेकी विमान नेमक्या ठिकाणी न्यायला, रडारच्या पडद्यावरचा ठिपका ओळखायला, युद्धनौकेवर हुकूम सोडायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. त्या देशात बंदूक धरणारे हात होते, भूमिगत संघटनांत तयार झालेले पुढारी होते. हा सराव मात्र जवळपास नव्हता. आणि नेमका तोच सराव असलेली हजारो माणसं १९४५ नंतर जगभर रिकामी झालेली होती.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. दुसऱ्या महायुद्धाने माणसांचं आणि यंत्रांचं एक प्रचंड उरलंसुरलं मागे ठेवलं. विशीत विमान चालवायला शिकलेला, पंचविशीत घरी परतलेला, आता बापाच्या दुकानात बसलेला तरुण. आणि मैदानात ओळीने उभी, कवडीमोलाने विकायला काढलेली विमानं. १९४८ मध्ये या दोन उरलेल्या गोष्टींची गाठ पडली.

ती घालणाऱ्यांतला एक अल श्विमर. हा टीडब्ल्यूए या विमान कंपनीत फ्लाइट इंजिनिअर होता. अमेरिकी सरकारने काढून टाकलेली सी-४६ मालवाहू विमानं आणि कॉन्स्टेलेशन त्याने विकत घेतली. कॅलिफोर्नियात बरबँकला ती दुरुस्त करवली. अमेरिकेने डिसेंबर १९४७ मध्येच त्या भागात शस्त्रं पाठवायला बंदी घातली होती, म्हणून कागदोपत्री ती एका पनामाच्या विमान कंपनीची झाली. विमानं पनामाकडे निघाली आणि फिरत फिरत युरोपात पोहोचली.

युरोपात कुठे? चेकोस्लोव्हाकियात. कारण शस्त्रं विकायला तयार असलेला मुख्य देश तोच. डॉलरची गरज होती आणि स्टालिनला ब्रिटिशांचा पाय त्या भागातून निघालेला हवा होता. (याच चेक सरकारने १९५५ मध्ये इजिप्तला शस्त्रं विकली. तत्त्वनिष्ठा शोधायला जाल तर निराश व्हाल.) तिथून जी लढाऊ विमानं मिळाली त्यांचं नाव एस-१९९. हे मूळचं हिटलरच्या हवाईदलाचं मेसरश्मिट. महायुद्धानंतर ते चेक कारखान्यात बनत राहिलं, पण त्याची मूळ इंजिनं मिळेनात, तेव्हा बॉम्बफेकी विमानाचं जड इंजिन त्याला बसवलं. परिणाम असा की धावपट्टीवर वेग घेताना विमान एका अंगाला ओढ घ्यायचं, सांभाळलं नाही तर उलटायचं. नाकावरच्या बंदुका पंख्याच्या पात्यांमधून गोळी सोडायच्या. तो मेळ बिघडला की वैमानिक स्वतःच्याच पात्यांना भोकं पाडायचा. चेक वैमानिक त्याला ‘खेचर’ म्हणत. ज्यांनी तीन-चार वर्षं मेसरश्मिटशी लढण्यात घालवली, ते आता त्यातच बसायला शिकत होते.

ही विमानं सुटी करून मालवाहू विमानांच्या पोटात घालून आणली आणि एक्रोनच्या तळावर गुपचूप जोडली. २९ मे १९४८. इजिप्तची फौज इस्दूदपर्यंत, म्हणजे तेल अवीवपासून तीसेक किलोमीटरवर आली होती. जोडलेली चार विमानं होती. ती आधी एकदाही उडवून पाहिलेली नव्हती. चार वैमानिक : पॅलेस्टाइनमध्येच वाढलेले मोदी अलोन आणि एझर वाइझमन, दक्षिण आफ्रिकेचा एडी कोहेन, आणि पुढे अमेरिकेचा लू लेनार्ट. लेनार्टचा जन्म हंगेरीतला. लहानपणीच तो अमेरिकेत गेला आणि मरीन दलाचा वैमानिक म्हणून पॅसिफिकमध्ये लढला. मागे हंगेरीत राहिलेले त्याचे अनेक नातलग ऑश्विट्झमध्ये संपले होते. अनुभव जास्त म्हणून नेतृत्व त्याच्याकडे आलं. पण देश नवा, भूगोल अपरिचित, आणि रेडिओ चालत नव्हते. वर गेल्यावर आपलं लक्ष्य नक्की कुठे आहे हेच त्याला कळेना. शेजारच्या विमानातल्या सहकाऱ्याने हाताने खूण करून दिशा दाखवली, अशी आठवण त्याने पुढे सांगितली आहे.

हल्ला झाला. बंदुका अडकल्या, बॉम्ब इकडेतिकडे पडले, नुकसान बेताचंच झालं. एडी कोहेन परत आला नाही. अलोनचं विमान उतरताना मोडलं. म्हणजे एका संध्याकाळच्या कामात अर्धं लढाऊ हवाईदल खर्ची पडलं. इजिप्तची फौज मात्र त्याच्या पुढे सरकली नाही. याचं सगळं श्रेय चार विमानांना देणारी पुस्तकं आहेत. मला ते पटत नाही. वाटेवरचा पूल आधीच उडवलेला होता आणि जमिनीवर इस्राएलची गिवाती ब्रिगेड उभी होती. पण शत्रूकडे विमानच नाही अशा समजुतीत असलेल्या सैन्यावर आकाशातून चार मेसरश्मिट येतात, तेव्हा त्याचा हिशेब बदलतो, एवढं मान्य करायला हवं.

दुसऱ्याच दिवशी तुळकर्मजवळ आणखी एका अमेरिकी वैमानिकाचं, मिल्टन रुबेनफेल्डचं विमान पडलं. तो छत्रीने उतरला. इस्राएलकडे लढाऊ विमानं आहेत हे तिथल्याच ज्यू शेतकऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना तो शत्रूचा वाटला आणि ते गोळ्या झाडू लागले. याला हिब्रू येईना. मग लहानपणी घरात ऐकलेले यिडिश शब्द तो ओरडत सुटला : शाब्बोस, गेफिल्टे फिश! म्हणजे आठवड्याच्या सुट्टीचा वार आणि माशाचा एक पदार्थ. त्यावर तो वाचला, असा किस्सा सांगतात.

मिकी मार्कसला तो पदार्थ आठवायलाही वेळ मिळाला नाही. मिकी म्हणजे डेव्हिड मार्कस, न्यूयॉर्कचा. वेस्ट पॉइंटचा पदवीधर, वकील, महापौर ला गार्डियांच्या कारकिर्दीत न्यूयॉर्कच्या तुरुंगांचा प्रमुख. नॉर्मंडीत छत्रीने उडी मारली तीही उडीचं प्रशिक्षण न घेता. महायुद्धानंतर युद्धगुन्ह्यांच्या कामात होता. १९४८ च्या जानेवारीत ‘मायकेल स्टोन’ या नावाने तो पॅलेस्टाइनमध्ये उतरला आणि पंतप्रधान बेन-गुरियननी मेअखेरीस त्याला जेरुसलेम आघाडीचा सेनापती केलं. जेरुसलेमचा रस्ता लात्रुनला ट्रान्सजॉर्डनच्या अरब लीजनने अडवून धरला होता. थेट हल्ले फसले. तेव्हा डोंगरातून रातोरात फोडलेली आडवाट तयार झाली, महायुद्धातल्या रस्त्यावरून तिला ‘बर्मा रोड’ म्हणू लागले. ती वाट पुरी होताना मार्कस तिथे होता.

१० जूनची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला युद्धविराम सुरू व्हायचा होता. अबू घोष गावातल्या ख्रिस्ती मठात मुक्काम. पहाटेच्या सुमाराला मार्कस अंगाभोवती चादर गुंडाळून बाहेर पडला. परतताना पहारेकऱ्याने हिब्रूतून हटकलं. हा इंग्रजीतून काहीतरी बोलला. अंधारात पांढरं काहीतरी हलतंय आणि परक्या भाषेत बोलतंय एवढंच त्या पोराला कळलं. त्याने गोळी झाडली. मार्कसला वेस्ट पॉइंटच्या दफनभूमीत पुरलं आहे. दुसऱ्या देशाच्या झेंड्याखाली लढताना पडलेला तिथला तो एकटाच.

या मार्कसवर १९६६ मध्ये हॉलिवूडने चित्रपट काढला, कर्क डग्लसला घेऊन. लात्रुनच्याच डोंगरावर जी दुसरी माणसं मेली, त्यांच्यावर कुणी काढला नाही. त्यांना ‘गाहल’ म्हणत. युरोपातल्या निर्वासितांच्या छावण्यांतून आणि सायप्रसच्या ब्रिटिश तुरुंगछावण्यांतून भरती केलेले हे लोक. छळछावणीतून जिवंत सुटले, बोटीतून उतरले, हातात बंदूक मिळाली. कित्येकांना हुकूम कळत नव्हता. त्यांची संख्या माहलच्या कितीतरी पट. तेही परदेशातून आले होते, पण त्यांना कुणी परदेशी स्वयंसेवक म्हणत नाही, कारण परत जायला त्यांना घरच नव्हतं. मला विचाराल तर या युद्धातला सगळ्यात अन्यायाचा विसर तो त्यांचा.

आता नाझरेथकडे येतो, कारण त्याच्याशिवाय हे व्याख्यान अर्धवट राहील.

बेन डंकलमन हा टोरांटोचा. घरचा तयार कपड्यांचा मोठा व्यवसाय. महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात उखळी तोफांचा जाणकार म्हणून नाव कमावलेला. १९४८ च्या जुलैत तो सातव्या ब्रिगेडचा प्रमुख होता. १६ जुलैला नाझरेथ शरण आलं. शहराला धक्का लावणार नाही असं लेखी देऊन डंकलमनने शरणागती स्वीकारली. त्याच्या तीन-चार दिवस आधी लिद्दा आणि रामले इथून हजारो अरब रहिवाशांना उन्हातान्हात पायी हाकलून लावलेलं होतं. नाझरेथमध्येही तेच करा, असा हुकूम वरिष्ठ अधिकारी हाइम लास्कोव्ह घेऊन आला. डंकलमनने साफ नकार दिला. त्याला तिथून हलवलं, पण जाताना आपल्या जागी येणाऱ्याकडून त्याने शहराला हात न लावण्याचा शब्द घेतला. बेन-गुरियननी अखेर हकालपट्टी रोखली. आज नाझरेथ हे इस्राएलमधल्या सर्वांत मोठ्या अरब शहरांपैकी एक आहे, याला हा नकार कारण आहे.

डंकलमनचं आत्मचरित्र १९७६ मध्ये आलं. त्यात हा प्रसंग नाही. पुस्तक लिहायला मदत करणाऱ्या पेरेत्झ किड्रॉनला त्याने तो सांगितला होता आणि छापायच्या आधी काढून टाकला. किड्रॉनने नंतर तो स्वतः प्रसिद्ध केला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम माणसाने स्वतःच्या पुस्तकातून का वगळावं? निष्ठेचा प्रश्न असावा, असं मला वाटतं. ज्या सैन्यावर त्याचं प्रेम होतं, त्या सैन्यात असे हुकूम निघत होते, हे कबूल केल्याशिवाय नकाराची गोष्ट सांगता येत नाही.

तो बाहेरचा होता म्हणून नाही म्हणू शकला, असं अनेक जण लिहितात. नोकरी तिथली नाही, घरी परतायची सोय आहे, मग माणूस निर्भय होतो. युक्तिवाद आकर्षक आहे, मलाही बराच काळ तो आवडत असे. पण ऑक्टोबरच्या शेवटी वरच्या गॅलिलीतली मोहीम झाली. ती गाजवणारी ब्रिगेड हीच सातवी, प्रमुख हाच डंकलमन. सफसाफ गावात शरण आलेल्या पुरुषांना बांधून गोळ्या घातल्या गेल्या, त्या याच ब्रिगेडच्या सैनिकांनी. त्या गोळ्या स्वयंसेवकांनी झाडल्या, असं माझं म्हणणं नाही. पण नाझरेथच्या पानाबरोबर सफसाफचं पानही वाचावं लागतं. त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घराबाहेर पडले, आणि त्यांच्या दृष्टीने पाहिलं तर हे स्वयंसेवक दूरदेशाहून आपलं गाव घ्यायला आलेले लोक होते.

दुसऱ्या बाजूलाही स्वयंसेवक होतेच. फौझी अल-कावुकजीच्या अरब मुक्तिसेनेत सीरिया, इराक, लेबनॉनचे तरुण होते, बोस्नियातले मुसलमान होते. इजिप्तमधून मुस्लिम ब्रदरहूडचे आले. धर्मबांधवांसाठी आपण जातो आहोत, अशीच त्यांचीही भावना. पण महायुद्धात तावून निघालेले वैमानिक आणि ती विमानं जमवणारं जाळं त्यांच्याकडे नव्हतं.

या कसबाचा सगळ्यात विचित्र दिवस उजाडला ७ जानेवारी १९४९ रोजी. युद्ध संपत आलेलं. ब्रिटिश हवाईदलाची चार स्पिटफायर सिनाईच्या सीमेवर टेहळणीला आली. एक जमिनीवरच्या माऱ्याने पडलं, उरलेली तीन इस्राएली विमानांनी पाडली. ती विमानंही स्पिटफायरच. आत होते कॅनडाचा जॉन मॅकेलरॉय, ज्याने महायुद्धात ब्रिटिशांच्याच बाजूने स्पिटफायर चालवलं होतं, आणि अमेरिकेचा स्लिक गुडलिन, जो ध्वनीच्या वेगाशी झुंजणाऱ्या एक्स-१ चा चाचणी-वैमानिक होता आणि ज्याची जागा पुढे चक यीगरने घेतली. दोघेही ज्यू नव्हते. दुपारी शोधाला आलेलं ब्रिटिश टेम्पेस्टही पडलं, त्याचा वैमानिक ठार झाला. त्या वेळी इस्राएलच्या या लढाऊ तुकडीची, १०१ व्या स्क्वाड्रनची, बोलण्याची भाषा इंग्रजी होती, म्हणजे पाडणारे आणि पडणारे एकाच भाषेत ओरडत होते.

युद्ध संपलं आणि बहुतेक जण घरी गेले. स्क्वाड्रनचा प्रमुख राहिलेला सिड कोहेन वैद्यकीय शिक्षण पुरं करायला दक्षिण आफ्रिकेत परतला. अमेरिकेत मात्र काहींची वाट कोर्ट पाहत होतं. श्विमरला १९५० मध्ये दोषी ठरवलं; दहा हजार डॉलर दंड आणि मतदानाचा हक्क गेला. तुरुंगात गेला तो एकटा चार्ल्स विंटर्स. मायामीचा व्यापारी, धर्माने प्रोटेस्टंट. त्याने बी-१७ जातीची तीन बॉम्बफेकी विमानं मिळवून दिली होती. चेकोस्लोव्हाकियाहून इस्राएलकडे येतानाच, १५ जुलै १९४८ ला, त्यांतल्या एकाने कैरोवर बॉम्ब टाकले. विंटर्सने १८ महिन्यांची शिक्षा भोगली. १९८४ मध्ये तो वारला, त्याच्या अस्थी जेरुसलेमला पुरल्या, आणि २००८ च्या डिसेंबरात, मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी, अध्यक्ष बुश यांनी त्याला माफी दिली.

श्विमर इस्राएलमध्ये गेला आणि त्याने तिथला विमानकारखाना उभा केला. त्याला माफी मिळाली ती २००१ मध्ये, क्लिंटन यांची मुदत संपता संपता. त्यासाठी खटपट दुसऱ्यांनी केली. स्वतः अर्ज करायला तो तयार नव्हता. केल्याचा पश्चात्ताप झालाय असं त्या अर्जात लिहावं लागतं, आणि तो झालेला नव्हता.