आपल्या गावांची नावं, आपल्याच खडकांना

संमेलनासाठी कोकणातून आणि घाटावरून आलेले विज्ञान शिक्षक बंधू-भगिनी, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या माझ्या बाळांनो,



तुमच्यातले बरेच जण सकाळच्या कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतरलात. तिथून एका अंगाला माथेरान दिसतं आणि दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची भिंत. भिंतीकडे नीट पाहिलंत तर तिला आडव्या पायऱ्या आहेत. कडा, मग झाडीचा पट्टा, पुन्हा कडा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमीन भेगाळून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा नवा आला. त्या थरांची ही चळत. 1980च्या दशकात भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या रासायनिक घडणीवरून त्यांचे गट पाडले आणि गटांना इथल्याच गावा-डोंगरांची नावं दिली. आपल्याकडे खाली नेरळ, त्यावर ठाकूरवाडी, त्यावर भीमाशंकर, त्याच्या वर खंडाळा. दख्खनच्या खडकावर जगात कुठेही लेख लिहिला गेला, तरी त्यात ही नावं येतात. आपल्या ठाकूरवाडीच्या पोरांना मात्र हे कोणी सांगितलेलं नाही. स्वागताध्यक्ष म्हणून मला आज जे काही सांगायचं आहे, ते एवढ्यासाठीच.

मी भाताचा शेतकरी. आमच्या शेतात विहीर खणली तेव्हा वीस वर्षांचा होतो. वरची दोन हात माती निघाली, मग पिवळट मुरूम, मग काळा कातळ. सुरुंग लावून कातळ फोडला, तर त्याच्या खाली हातभर जाडीचा लालभडक पट्टा निघाला. ओला करून चोळला की बोटं गेरूत बुडवल्यासारखी रंगायची. खणणाऱ्यांचा मुकादम वरून म्हणाला, "याच्या खाली परत काळाच लागंल." तसंच झालं. दगडाच्या पोटात ही माती आली कुठून, असं मी त्याला विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं, आणि गावात विचारावं असं कोणी नव्हतं.

उत्तर मिळालं पस्तीस वर्षांनी, एका शिक्षकांकडून. ते विहिरीच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "एक लाव्हा थंड झाला, उन्हापावसाने त्याचा वरचा थर कुजून माती झाली, आणि मग त्या मातीवर दुसरा तापलेला लाव्हा येऊन पसरला. माती खाली भाजली गेली." म्हणजे त्या हातभर पट्ट्यात दोन उद्रेकांच्या मधला सगळा शांत काळ साठलेला होता, आणि त्याच विहिरीचं पाणी मी पस्तीस वर्षं पीत होतो. त्या दिवशी मला आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. ही गोष्ट चार वाक्यांत मराठीत सांगता येते, ती शाळेतच का नाही सांगितली गेली?

विहिरीतून निघालेला एक दगड बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. त्याच्या पोकळीत सुयांच्या जुडीसारखे पांढरे स्फटिक आहेत, झिओलाइटचे. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून हे स्फटिक धरले. 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हाही असे स्फटिक निघाले आणि दूरदेशीच्या संग्रहालयांत गेले. मुलांनो, हात लावून बघा, फक्त सुया मोडू नका.

आता पाण्याकडे वळतो. घाटमाथ्यावरची आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. ठोकरवाडी धरणाने ते अडवलं, आणि 1922 सालापासून ते 500 मीटरहून अधिक उंचीवरून आपल्या भिवपुरीच्या वीजघरात उतरतं, वीज देतं आणि पेज नदीतून उल्हासला मिळून अरबी समुद्राकडे निघतं. उभा कडा आहे म्हणून हे जमलं. आणि म्हणूनच या जानेवारीत बाकीचे ओढे आटले तरी पेज वाहते आहे, आणि उन्हाळी भाताची लावणी चालू आहे.

हाच कडा समुद्रावरून आलेले ढग वर ढकलतो. कर्जतला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पलीकडे पुण्यात साधारण 700. या पावसावर आपण जगतो. पण 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. 27 माणसांचे देह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ती वाडी नव्हती. मी हे स्वागताच्या भाषणात मुद्दाम बोलतो आहे. तीव्र उतारावरच्या कुजलेल्या खडकात आणि मातीत सलग पावसाचं पाणी भरलं की वजन वाढतं, पकड सुटते. बरेचदा आधी जमिनीला भेगा जातात, झाडं कलतात, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं. या खुणा यादीच्या आधी वाडीतल्या माणसाला दिसतात. तेव्हा माझी संमेलनाला एक विनंती आहे. डोंगराखालच्या प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक बसवा, रोजचा आकडा मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या, आणि या खुणा त्यांना पाठ असू द्या. या शाळेतल्या पर्जन्यमापकाचा खर्च आम्ही ग्रामस्थ करू.

रात्री जेवणानंतर खळ्यावर दिवे मालवणार आहोत. ज्या मृगावर आपण पेरणीचा हिशेब धरतो, ते नक्षत्र आज डोक्यावर येईल. मधले तीन तारे म्हणजे बाण, आणि त्या रेषेत खाली चमकतो तो व्याध. जूनमध्ये सूर्य याच नक्षत्रात असतो, म्हणून मृगाच्या पावसात मृग दिसत नाही. दुर्बीण चंद्राकडेही वळवू. त्यावरचे काळे डाग बेसॉल्टचेच आहेत, आपल्या विहिरीतल्या कातळाच्या जातीचे, पण कितीतरी जुने.

जेवण शाळेच्या मागच्या मांडवात आहे. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. उद्या सकाळी साडेसहाला पेजेच्या पात्रात उतरायचं आहे. दगड शेवाळाने निसरडे आहेत, तेव्हा पट्ट्याच्या चपला घाला, आणि लहान मुलांचा हात मोठ्यांनी धरा. आधी माझ्या विहिरीवरून जाऊ. पाणी खाली गेलंय, लाल पट्टा उघडा आहे.